चार कॅप्सूल आणि एक पाकीट : वॉल बदललेल्या बाईची दाढ काढताना

डिसेंबरात, कापूस वेचणी ऐन भरात असताना, आमच्याकडे दाताचे पेशंट कमी येतात. दात दुखायचे थांबतात असं नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, एक दिवस बुडाला की तेवढे किलो बुडाले. म्हणून या दिवसांत जो कोणी खुर्चीत येऊन बसतो तो लवंग, मीठ-पाणी, तंबाखूची चिमूट, मेडिकलच्या गोळ्या हे सगळं करून दमलेला असतो.

माझा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. ही बाई बावीस किलोमीटरवरच्या खेड्यातून एका मंगळवारी आली. वय ४१, शेतमजूर. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

खालची उजवी पहिली दाढ तीन आठवडे ठणकत होती. दोनदा गाल सुजला, दोनदा उतरला. पहिल्या सुजेला मेडिकलवाल्याने पाच दिवस अमॉक्सिसिलीन दिलं होतं, दुसऱ्या सुजेला मेट्रोनिडाझोल आणि डायक्लोफिनॅक, आणि सोबत पुन्हा थोडं अमॉक्सिसिलीन. शेवटची गोळी चार दिवसांपूर्वी संपली होती. एवढं तिने नीट सांगितलं, कारण रिकामी पाकिटं पिशवीत होती. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मदतनीस मुलीने फॉर्मवर लिहून घेतली. बीपी? नाही. शुगर? नाही. कोणतं औषध चालू आहे? "काईच नाई." ॲलर्जी? "ते काय असते?" खर्रा? यावर ती फक्त हसली, आणि तोंड उघडल्यावर हसण्याचा अर्थ कळला. आ केल्यावर तीन बोटं जायला हवीत, तिथे जेमतेम दोन जात होती. मोजल्यावर २८ मिलिमीटर. गालाची आतली कातडी ताठ आणि पांढुरकी. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने असं होतं, आमच्या भागात हे रोजचंच.

दाढ किडून मुळापर्यंत पोचली होती, हिरडीवर पुवाची बारीक पुटकुळी होती. शेजारच्या उपदाढेचं नुसतं मूळ उरलं होतं. दोन्ही काढायचे, हे बघताक्षणी ठरलं. मी सुई भरायला सांगणार, तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला, कंप्रेसर थांबला, बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्रही थांबलं. अशी शांतता दवाखान्यात एरवी कधी नसते. त्या शांततेत टिकटिक ऐकू आली. भिंतीवरचं घड्याळ असेल म्हणून मी वर पाहिलं. ते दिवाळीपासून बंद होतं, आणि ही टिकटिक सेकंदापेक्षा जलद होती.

"ताई, हे काय वाजतं?"

"ते मायं वॉल हाय न, म्याडम. रातचं निजलो का लेकरालेबी आइकू येते."

पदर जरा बाजूला केल्यावर गळ्याखालून छातीच्या मधोमध उतरलेला व्रण दिसला. नऊ वर्षांपूर्वी नागपूरला ऑपरेशन झालं होतं, जीवनदायीतून. लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा, पुढे बाळंतपणाच्या वेळी दम लागला आणि तेव्हा हृदयाचा वॉल, म्हणजे झडप, खराब असल्याचं कळलं. धातूचा वॉल बसवला. अशा वॉलच्या पाकळ्या मिटताना आवाज होतो, आणि बारीक अंगाच्या माणसाचा तो आवाज शांत खोलीत शेजारच्याला ऐकू येतो.

"मग गोळी चालू असेल ना?"

"पातळ रक्ताची? ते तं रोजच हाय."

"मघाशी औषध चालू नाही म्हणालात."

"औषध म्हंजे बिमारीचं. हे तं जेवनासारखं झालं."

सुई भरलेली नव्हती हे नशीब. लाइट पाच मिनिटं उशिरा गेली असती तर रक्त पातळ असलेल्या आणि धातूचा वॉल असलेल्या बाईची पुवाने भरलेली दाढ मी उपसलेली असती, ना रक्ताची तपासणी करून, ना आधी अँटिबायोटिक देऊन. पंचवीस वर्षं मी हे काम करते आहे.

एक डोस कुणाला

आपल्या तोंडात जिवाणूंची वस्ती असते, त्यात स्ट्रेप्टोकोकस कुळातले बरेच. दात काढताना हिरडी फाटते आणि यातले काही थोडा वेळ रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचं शरीर ते काही मिनिटांत साफ करतं. पण हृदयात कृत्रिम झडप असेल तर त्या पृष्ठभागावर ते चिकटू शकतात, तिथे गाठीसारखं घर करतात, आणि मग होतो एंडोकार्डायटिस. हा आजार क्वचित होतो, पण कृत्रिम झडपेवर झाला तर माणूस दगावण्याची शक्यता मोठी, आणि वाचला तरी अनेकदा पुन्हा छाती उघडावी लागते. म्हणून दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात. जिवाणू रक्तात उतरतील त्या वेळी रक्तात औषध भरपूर असावं, एवढाच त्याचा उद्देश.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने याबद्दलच्या पहिल्या सूचना १९५५ साली काढल्या. पुढची पन्नास वर्षं त्या वरचेवर बदलल्या तरी हृदयाचे पुष्कळ निरनिराळे दोष यादीत होते, आणि आमची पिढी कॉलेजात तीच लांबलचक यादी पाठ करून बाहेर पडली. २००७ साली तिला मोठी कात्री लागली. कारण साधं होतं. दात घासताना, अन्न चावतानाही जिवाणू रक्तात जातातच. निरनिराळ्या अभ्यासांत दात काढल्यावर असं होण्याचं प्रमाण १० ते १०० टक्के आढळलं, ब्रश आणि फ्लॉस केल्यावर २० ते ६८ टक्के, नुसतं चावल्यावर ७ ते ५१ टक्के. दात वर्षा-दोन वर्षांतून एकदा काढला जातो, भाकरी रोज दोनदा चावली जाते. मग फक्त काढण्याच्या दिवशी सगळ्यांना गोळ्या देऊन काय साधणार? त्यामुळे ज्यांना हा आजार झाला तर सर्वांत महाग पडेल तेवढेच यादीत ठेवले: कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीत वापरलेलं कृत्रिम साहित्य असलेले, एंडोकार्डायटिस पूर्वी होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषांपैकी काही ठरावीक प्रकारचे, आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडपेत दोष निर्माण झालेले. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २००८ साली तर ही पद्धत जवळजवळ बंदच करायला सांगितली, आणि २०१६ साली त्या वाक्यात 'नेहमीच्या रीतीने' असा शब्दप्रयोग घालून थोडी मोकळीक ठेवली. २०२२ साली अमेरिकेतल्या सुमारे ८० लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. जास्त धोक्याच्या गटात दात काढणं आणि त्यानंतरचा एंडोकार्डायटिस यांचा संबंध त्यात दिसला, आणि आधी डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी दिसला. थोडक्यात, या बाईसारख्या पेशंटला द्यायचं यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

वाद उरतो तो लहानपणी सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या, पण न बदललेल्या झडपेबद्दल. अमेरिकेच्या यादीत ते रुग्ण नाहीत, ऑस्ट्रेलियाच्या सूचनांत त्यांना जागा आहे. आमच्या भागात असे पुष्कळ, आणि त्यांच्याबाबत मी स्वतः ठरवत नाही, त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करते.

त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर एक निवृत्त शिक्षक बसले होते. गुडघा बदललेला. दातांची साफसफाई करायची म्हणून ते घरूनच अमॉक्सिसिलीन घेऊन आले होते, आणि "पाच दिवस घेऊ की सात?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. बदललेल्या गुडघ्यासाठी दाताच्या कामाआधी सरसकट अँटिबायोटिक नको, हे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ सालीच स्पष्ट सांगितलं आहे. हृदयात स्टेंट असेल, बायपास झालं असेल, पेसमेकर असेल, तरी नको. सरांना ते पटलं नाही. ज्याला नको त्याच्या खिशात पट्टी, आणि जिला हवी तिच्या फॉर्मवर 'काहीच नाही': एका सकाळी, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे.

आयएनआर ५.२

त्या दिवशी दाढ काढली नाही. आधी ताप, थंडी, घटलेलं वजन, रात्रीचा घाम, दम यांची विचारपूस केली. तीन आठवडे पू होता आणि वॉल धातूचा, म्हणजे आजार आधीच सुरू झालेला नाही ना, ही खातरी हवी. त्यात मधल्या अँटिबायोटिकने ताप झाकला जाऊ शकतो. काही नव्हतं. मग रक्त तपासायला पाठवलं.

पातळ रक्ताची गोळी म्हणजे ॲसेनोकुमारॉल. तिचा परिणाम आयएनआर या आकड्याने मोजतात. साध्या माणसाचा तो १ च्या आसपास असतो, हिचा धातूचा वॉल हृदयात ज्या जागी आहे, त्या जागी तो २.५ ते ३.५ हवा. तिने शेवटची तपासणी पाच महिन्यांपूर्वी, पेरणीच्या आधी केली होती. रिपोर्ट आला ५.२.

हे मेडिकलच्या पाकिटातून आलं होतं. मेट्रोनिडाझोल पातळ रक्ताच्या गोळीचं यकृतातलं विघटन अडवतं, रक्त आणखी पातळ होतं. त्यावर डायक्लोफिनॅक, जे जठराला ओरखडे काढतं. गालाची सूज उतरवायला घेतलेल्या गोळ्यांनी बाई रक्तस्रावाच्या काठावर जाऊन बसली होती, आणि तिला पत्ता नव्हता. हिरडीतून ब्रश करताना रक्त येतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ब्रश कुठं? राखुंडी लावतो."

मेडिकलवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण दुखऱ्या गालाने बाई रात्री आठ वाजता त्याच्याच दारात उभी राहते. माझं दार सहालाच बंद होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिशियनशी बोलले. त्यांनी एका दिवसाची गोळी थांबवून पुन्हा आधीच्याच मात्रेवर सुरू करायला सांगितली, कारण बिघडवणारं औषध आता बंद होतं. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. पाच दिवसांनी आकडा ३.० वर आला. एक गोष्ट आमच्याच बिरादरीतले काही अजून करतात म्हणून लिहिते: दात काढायचा म्हणून ही गोळी चार दिवस बंद ठेवायला सांगणं. धातूच्या वॉलवर रक्ताची गुठळी बसली तर वॉल अडकतो, ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. दाताच्या खड्ड्यातलं रक्त बोट दाबून थांबवता येतं, डोक्यातल्या गुठळीला बोट पोचत नाही. आयएनआर ४ च्या आत असेल तर एक-दोन साधे दात गोळी चालू ठेवूनच काढता येतात.

दिवस ठरवताना थोडी ओढाताण झाली. तिला शुक्रवार हवा होता. शुक्रवारी आमच्याकडे बाजार, काळी-पिवळ्या भरून धावतात, गावातलं कोणी ना कोणी सोबत असतं. मला तोच दिवस नको होता. शुक्रवारी काढलेल्या दाताला रात्री रक्त सुरू झालं तर पुढे शनिवार-रविवार, आणि मदत कुठे शोधायची? त्यापेक्षा पुढच्या मंगळवारनंतरचा मंगळवार घेऊ, सकाळची एसटी, पहिला नंबर. दोन आठवड्यांनी. अमॉक्सिसिलीनचा कोर्स संपल्यावर निदान दहा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे पडून तोंडातली नेहमीची वस्ती पुन्हा जमते. तोही हिशेब त्यात बसत होता.

हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं: अमॉक्सिसिलीन २ ग्रॅम, तोंडाने, कामाच्या अर्धा ते एक तास आधी, एकदाच. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल.

पाकीट

आदल्या शुक्रवारी बाजाराला तिचे यजमान आले. म्हटलं, यांच्याच हाती कॅप्सूल देऊ, म्हणजे मंगळवारी घरून निघताना घेऊन एसटीत बसली की इथे पोचेपर्यंत वेळ जुळेल. मी त्यांना सांगितलं, "चारही एकदम. मंगळवारी निघताना." त्यांनी मान हलवली. खिशात बियाण्याची पावती होती, तिच्यासोबत पाकीट गेलं.

मंगळवारी सकाळी पावणेदहाला दोघं हजर. आदल्या दिवशीचा आयएनआर २.९. सगळं जुळून आलेलं.

"चारही गोळ्या घेतल्या ना, ताई?"

"हाव. बरोबर घेतल्या. ऐतवारी संध्याकाळी येक, सोमवारी सकाळ-संध्याकाळ, अन् येक आता निंगताना."

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी आपली बाजू मांडायच्या आधी तिनेच मांडली: "चार गोळ्या येकडाव कोन खाते बाप्पा? मानूस मरन न."

आणि यजमानांनी पाकीट पुढे केलं. ते मी गल्ल्यात पडलेल्या गठ्ठ्यातून घेतलं होतं, कंपनीवाल्याने फुकट दिलेलं. त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन चौकोन छापलेले. मी वर फक्त '४' लिहिलं होतं. ज्या घरात वर्षानुवर्षं असल्या पाकिटातून गोळ्या आल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, त्या घरात त्या '४'चा दुसरा अर्थ कसा निघणार? तोंडी सांगितलेलं बाजारात विरलं, छापलेलं घरी पोचलं. चूक माझी होती. तेव्हा मात्र मला यजमानांचाच राग आला होता.

२ ग्रॅम एकदम घेतल्याने रक्तात औषधाची जी उंच लाट येते, ती ५०० मिलिग्रॅमने येत नाही. अमॉक्सिसिलीन तासा-सव्वातासात निम्मं होतं, रविवारच्या कॅप्सूलचा मंगळवारी मागमूस नाही. उलट दोन दिवस थोडंथोडं देऊन तोंडातल्या जिवाणूंतले चिवट तेवढे निवडून ठेवले. आता वर आणखी चार कॅप्सूल दिल्या तरी त्या कितपत चालतील, ही शंका. दहा दिवस पुन्हा थांबायचं तर गाल परत सुजायला लागला होता, आणि सुजला की पावलं मेडिकलकडे.

या वेळी ती जुनी फाइल घेऊन आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक कोपरा उंदराने खाल्लेला. वॉलचं कार्ड, डिस्चार्जचा कागद, त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक घेण्याबद्दल रुग्णाला समजावलं आहे. नऊ वर्षं ती ओळ त्या पिशवीत होती. समजावलं का, असं मी विचारलं नाही. त्याखाली आणखी एक ओळ: बेंझाथिन पेनिसिलीन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी.

"हे इंजेक्शन अजून घेता?"

"येकवीस दिवसाचं? हाव, आरोग्य केंद्रात. मागच्या बुधवारी टोचलं."

दोन आठवडे आम्ही या बाईच्या रक्ताचा, गोळ्यांचा, एसटीचा हिशेब करत होतो आणि ती दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीन घेते हे मला आज कळत होतं. गोळी जेवणासारखी झाली होती, टोचणं आरोग्य केंद्राच्या फेरीसारखं. माझ्या फॉर्मवरचा शब्द होता 'औषध'.

हे इंजेक्शन घशातल्या स्ट्रेप्टोकोकसने सांध्यांचा ताप परत येऊ नये म्हणून असतं. तोंडावाटे रोज पेनिसिलीन घेणाऱ्यांच्या तोंडात त्याला न जुमानणारे जिवाणू असू शकतात, म्हणून दाताच्या कामाआधी दुसऱ्या वर्गाचं औषध द्यावं, ही सूचना जुनी आणि स्पष्ट आहे. इंजेक्शन घेणाऱ्यांबद्दल सगळीकडे एकच मत नाही. पण इंजेक्शन, त्यावर महिन्यात दोन कोर्स, त्यावर माझ्या पाकिटाचे दोन दिवस, एवढं झाल्यावर पेनिसिलीनच्या घराण्यात राहण्यात अर्थ नव्हता. सेफॅलेक्सिनही त्याच चुलत घराण्यातलं. क्लिंडामायसिन आमच्या पिढीला तोंडपाठ, पण २०२१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते या यादीतून काढलं, कारण एका डोसनेही कधीकधी आतड्याला भयंकर जुलाब लावणारा संसर्ग होतो. उरलं ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. हृदयाच्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. डॉक्सिसायक्लिन ठरलं. गरोदरपणात हे टाळतात; तिची नसबंदी झालेली होती, तेही विचारून घेतलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्यासमोर, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, बाकड्यावर ताठ बसवून एक कॅप्सूल दिली. डॉक्सिसायक्लिन घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत चिकटून जाळते. आधी चहा-बिस्किट दिलं होतं. ती बसून राहिली, यजमान बाहेर उन्हात जाऊन तंबाखू मळत उभे राहिले. तासभर मी दुसरी कामं केली.

सव्वाअकराला सुरुवात. खालच्या जबड्याची मुख्य नस बधिर करायला सुई खोल जाते, आणि पातळ रक्तात आत रक्त साचायची भीती. म्हणून तो रस्ता टाळून दाढेच्या बाजूने आर्टिकेन दिलं, त्याने भागलं. २८ मिलिमीटरच्या तोंडात दाढ अखंड निघणार नव्हती. दोन मुळं कापून वेगळी केली, एकेक सोडवली, मग शेजारचं उरलेलं मूळ. एका डोसच्या छत्रीखाली जेवढं आटोपतं तेवढं आटोपावं, पण आयएनआर लक्षात घेऊन दोनच. टाके विरघळणारे घातले. याला खास कारण आहे: २००७ च्या सूचनांत टाके काढणं हेही हिरडीला हात लावणारं काम धरलेलं आहे, म्हणजे रेशमी टाके काढायला बोलावलं की पुन्हा डोसचा प्रश्न. रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला गॉझ वीस मिनिटं चावायला दिला. रक्त थांबलं. तरी दोन वाजेपर्यंत बाकड्यावरच बसवलं, आणि तीनच्या एसटीने सोडलं.

सोडताना यजमान म्हणाले, "पाच दिवसाच्या गोळ्या नाई देत का?"

"नाही. झालं ते एवढंच."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. फी घेतली आणि गोळ्या देताना हात आखडला. इथे दात काढला की अँटिबायोटिकची पट्टी सोबत द्यायचीच, असा रिवाज आम्हीच पाडला आहे. काम नीट झालं, पू निघाला, ताप नाही, तर त्या पट्टीचा उपयोग नसतो. हिच्या बाबतीत तर आयएनआर पुन्हा हलण्याचा धोका. द्यायच्या होत्या फक्त पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि ट्रॅनेक्झॅमिकच्या दोन गोळ्या, वेगळ्या पुडीत, गिळायच्या नाहीत असं बजावून. आणि खर्रा सात दिवस बंद. यावर ती म्हणाली, "चार दिवस करतो," आणि मी पाचवर तडजोड केली.

रात्री साडेनऊला यजमानांचा फोन. "म्याडम, रगत येऊन रायलं." फोटो मागवला. वाटीत थुंकी होती, गुलाबी. भरपूर थुंकीत थोडं रक्त मिसळलं की वाटी भरलेली दिसते. पुडीतली एक गोळी कुटून दोन चमचे पाण्यात विरघळवा, स्वच्छ फडकं त्यात भिजवून अर्धा तास घट्ट चावा, चूळ भरू नका, थुंकू नका. ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण, बाजारात चूळ भरायला तेवढंच मिळतं. साडेदहाला पुन्हा फोन: थांबलं.

आठव्या दिवशी खड्डा स्वच्छ होता, आयएनआर २.७.

एंडोकार्डायटिस व्हायचाच तर लक्षणं बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतात, कधी त्यानंतरही. म्हणून त्यांच्या गावच्या आशाताईंशी बोलून ठेवलं होतं: हिला ताप आला तर गावात सुई टोचायची नाही, मेडिकलची गोळी घ्यायची नाही, आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू वाढतात का याची तपासणी. अँटिबायोटिक आधी पडलं की कल्चरमध्ये जिवाणू सापडत नाही आणि आजार महिनाभर नावाशिवाय हिंडतो. चार आठवडे आशाताईंनी दर दोन दिवसांनी विचारलं. ताप आला नाही. तो डोसमुळे आला नाही की तसाही आला नसता, हे एका पेशंटवरून कुणालाच सांगता येणार नाही.

फॉर्म बदलला आहे. 'औषध चालू आहे का'च्या जागी आता मुलगी विचारते: रोज कोणती गोळी घेता, महिन्यातून-दोन महिन्यांतून कुठे काही टोचून घेता का, अंगावर कुठे ऑपरेशनची खूण आहे का. तीन प्रश्नांना वेळ जास्त लागतो, आणि बाजाराच्या दिवशी ती तिसरा गाळते हे मला माहीत आहे. डोस मात्र कुणाच्याही हाती घरी पाठवत नाही. बाकड्यावर, माझ्यासमोर, घड्याळ बघून. घड्याळात सेल टाकला.

सहाव्या आठवड्यात ती दातांची सफाई करायला आली. खरं काम हे होतं, कारण रोज चावताना हिरडीतून जे रक्तात जातं ते सुजलेल्या, घाणेरड्या हिरडीतून जास्त जातं आणि त्याला कोणताही डोस पुरत नाही. राखुंडी सुटली होती, ब्रश आला होता. खर्रा होता. या वेळीही डॉक्सिसायक्लिन. मी कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली, ग्लास दिला.

यजमानांनी बाकड्यावरून मान वाकडी करून पाहिलं.

"येकच? मागं तं चार देल्या होत्या."

"त्या येकडाव खायच्या होत्या," ती त्यांना म्हणाली आणि गिळली.